वैनींची थाळी आणि आबांचा पाय

शाळेत मुलांची चाचणी चालू होती, तेव्हा दादाचा फोन आला. "मंगल, तुझी वैनी गेली ग..." एवढंच बोलला आणि फोन तसाच चालू ठेवून रडत राहिला. जळकोटहून नळदुर्गला पोचले तेव्हा कळलं, लॅबमधल्या खुर्चीत बसल्या बसल्याच वैनींचं हृदय थांबलं होतं. दुसऱ्या दिवशी मातीहून परत आलो, तर घराच्या पुढच्या दोन खोल्यांतून, वैनींच्या लॅबमधून, बारीक घूंऽऽ असा आवाज येत होता. जंतू वाढवायची उबेची पेटी बंद करायचं कुणाला सुचलंच नव्हतं. दादानं पेटी उघडली. आत काचेच्या चपट्या थाळ्या. आदल्या सकाळी वैनींनी तारेनं त्यात रेघा ओढल्या होत्या. ओढताना त्या डोळ्यांना दिसत नाहीत. आता त्या दाटून वर आल्या होत्या, वैनींच्या हाताच्या वळणासकट. हात मातीत गेला आणि त्या हाताच्या रेघा इकडं वाढत बसल्या होत्या... दादानं पेटीचं दार लोटलं आणि आम्ही बाहेर येऊन ओट्यावर बसलो.

सुलभावैनी जंतुशास्त्र शिकून आमच्या घरात आल्या. आमच्याकडं पहिला फ्रीज आला तोही भाजीपाल्यासाठी नाही, जंतूंसाठी! मी चेष्टा करायची, "वैनी, सासरी माणसं कमी पडली व्हय, म्हणून हे पाळलेत?" त्या म्हणायच्या, "तुझ्यापेक्षा बरे आहेत ते. उलटून बोलत नाहीत." मग कौतुकानं दाखवायच्या. थाळीत जेलीसारखा घट्ट खुराक, त्यावर रुग्णाच्या जखमेतले जंतू सारवायचे, वर औषधांच्या छोट्या चकत्या ठेवायच्या. औषध लागू पडणार असेल तर चकतीभोवती मोकळं रिंगण पडतं. नसेल तर जंतू थेट चकतीला येऊन भिडतात. हे ऐकायला सोपं वाटतं. पण त्या खुराकात काय पडलंय, यावर त्या जंतूंची सगळी वागणूक ठरते, हे मला आबांच्या पायापायी कळलं.

आबा, म्हणजे माझे वडील, कालव्यावर पाटकरी होते. शेताशेतांत पाण्याच्या पाळ्या सोडत उभा जन्म चालण्यात गेलेला. म्हातारपणी साखरेनं गाठलं, तळवे बधिर झाले. एका उन्हाळ्यात पायात काटा मोडला तो त्यांना कळलाही नाही. कळलं ते वासानं. द्राक्षांचा हंगाम केव्हाच सरला होता, तरी आबांच्या खोलीत पिकल्या द्राक्षांचा गोडसर वास सुटला. मला तर वाटलं, कुणीतरी द्राक्षं आणून लपवून ठेवलीत. वैनींचा चेहरा मात्र उतरला. जंतूचा तो वास त्या ओळखत होत्या. तळवा उलटून पाहिला तर जखम, आणि तिला हिरवट झाक.

वैनींनी थाळी लावली. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर जेंटामायसिन या औषधाच्या चकतीला जंतू सगळीकडून भिडलेले. बाकीच्या चकत्यांभोवतीही रिंगण धड नाही. सोलापूरच्या डॉक्टरांनी अहवाल ऐकून सांगितलं, औषध चालणार नसेल तर थांबण्यात अर्थ नाही, पाय घोट्याच्या वरून काढू. आबा भिंतीकडं तोंड करून म्हणाले, "पाय न्हाय तर म्या कशाला पायजे?" दादा बाहेर जाऊन उभा राहिला.

निघायच्या सकाळी गाडी दारात उभी, आणि वैनी लॅबमधून बाहेर येईनात. मी आत गेले. त्यांच्यासमोर एक थाळी होती. फ्रीजमध्ये त्या एक ओळखीचा जंतू सांभाळून ठेवायच्या, थाळी बरोबर झाली का हे पडताळायला. त्याच जातीचा, पण जेंटामायसिननं हमखास मरणारा. आबांच्या काळजीत या खेपेला ही पडताळणी मागं पडली होती. ती त्यांनी आदल्या दिवशी त्याच खुराकावर लावली होती. आणि तो हमखास मरणारा जंतूही चकतीला भिडून, हिरवा चकाकत उभा होता. गेलेलं माणूस पंगतीत येऊन बसावं, तसं वाटलं मला.

"मंगल, हा मरायलाच पाहिजे होता," वैनी हळूच म्हणाल्या. मग उठून स्वैपाकघरात गेल्या आणि पातेलं घेऊन आल्या. त्याच्या बुडाला पांढरा खार धरला होता. लॅबचं शुद्ध पाणी संपलेलं, वीज नसल्यानं नवं काढता येईना, म्हणून त्यांनी आमच्या बोरचं पाणी उकळून, दुहेरी फडक्यातून गाळून खुराक शिजवला होता. तान्ह्या लेकराला आपण देतो तसं. पण उकळून गाळलं तरी आमच्याकडचे क्षार जातात कुठं? ते क्षार या जंतूला पाठीशी घालतात, औषध त्याला नीट चिकटूच देत नाहीत. चूक वैनींचीच होती, आणि ती त्यांनी तिथंच फोन लावून डॉक्टरांना सांगितली. आबांना म्हणाल्या, "गाडीतून उतरा आबा. तुमच्या बोरनं तुमचाच पाय मागितला होता." आबा त्या बोरच्या पाण्याला अमृत म्हणायचे. त्या दिवसापासून त्यांनी त्याचं नाव काढलं नाही.

शुद्ध पाणी मागवलं, थाळी नव्यानं लावली, जेंटामायसिनभोवती रिंगण स्वच्छ पडलं. डॉक्टरांनी इंजेक्शनं सुरू केली. जखम सावकाश भरत आली आणि तो द्राक्षांचा वास एक दिवस घरातून गेला.

पाय वाचला, पण तळव्याला काहीच कळत नव्हतं. म्हणून वैनींनी दंडक घातला. सकाळी उठल्यावर आबांनी खाटेवरून पाय खाली टाकायचा नाही. आधी वैनी तळवा बघणार, कुठं चीर नाही, काटा नाही, मग म्हणणार, "ठेवा आबा." आबांनी हे लहान पोरासारखं पाळलं. रोज पाय वर धरून वैनींना म्हणायचे, "बघ ग पोरी." वैनी गेल्यावर दादा म्हणाला, मी बघत जातो. आबा नको म्हणाले. मला वाटलं, दुःखापायी म्हणत असतील.

परवा सुट्टीला नळदुर्गला गेले होते. वैनींची लई आठवण येत होती, चहा करतानाही डोळे भरत होते. कप घेऊन आबांच्या खोलीच्या दाराशी गेले. आबा खाटेवर बसलेले, पाय वर धरलेला, तळवा खिडकीकडं. "बघ ग पोरी," म्हणाले. मला वाटलं, माझी चाहूल लागली. "आले" म्हणायला तोंड उघडणार, तेवढ्यात आबांनी मान डोलावली.

"बरं," म्हणाले, आणि पाय खाली ठेवला.