झुलीवरचे चंद्र

दादा अमेरिकेत शिकायला गेला आणि तिकडचाच झाला. चंद्राची मोहीम झाली, की तिचा भरतकाम केलेला कापडी बिल्ला तो मला पाकिटातून पाठवायचा. आधी सोबत चार पानं असत, मग चार ओळी, मग नुसताच बिल्ला. मी बुलढाण्याला मुलींच्या शाळेत शिकवत होते, भाड्याच्या खोलीत एकटी राहत होते. संध्याकाळी पत्र्याच्या डब्यातून बिल्ले काढून गादीवर मांडायचे. एकावर गरुड चंद्रावर उतरतोय, एकावर तीन घोडे उधळलेत. ते टाके बोटांनी चाचपले की जरा बरं वाटायचं. शेजारणी म्हणत, बाई फार शिष्ट. म्हणेनात का! मला बोलायला माणूस हवं होतं, आणि त्यांच्याकडे भाजीच्या भावाखेरीज विषय नव्हता.

मग चंद्रावरच्या फेऱ्या थांबल्या. पेपरात तसं आलंच होतं. शेवटच्या फेरीचा बिल्ला आला आणि त्यानंतर दादाचं काहीच आलं नाही. उन्हाळ्यात मला खोली बदलायची होती, म्हणून तो डबा मी गावी आईकडे ठेवला.

पोळ्याला गेले, तर अंगणात बैल सजून उभे होते आणि एकाच्या झुलीवर माझे सगळे बिल्ले! जाड सुतानं, हे मोठाले टाके घालून शिवलेले. माझं डोकंच फिरलं.

"माय, हे काय करून ठेवलं वं?" असं ओरडून मी उसवायला कात्री घेतली.

"काऊन एवढी चिडतं?" आई म्हणाली. "तुह्या डब्यात तुहा दादा कोनाले दिसत होता?"

पोळ्याच्या तोरणाखाली बैलजोडी घरच्या लेकानं न्यायची, अशी आमच्याकडची रीत. बाबा गेलेले, दादा परदेशी. सालगडीच जोडी न्यायचा आणि आई त्या दिवशी दाराबाहेर पाऊल टाकत नसे. यंदा ती नवं लुगडं नेसून ओट्यावर उभी होती.

"त्यानं धाडलेलं बैलाच्या अंगावर हाये," ती म्हणाली, "म्हंजे तोच नेऊन राह्यला."

कात्री मी खाली ठेवली. बैलाला वळसा घालून पाहिलं, तर झुलीची पलीकडची बाजू कोरी.

"इकडं काऊन नाही लावले?"

"तिकडं पुढचे लावीन. लोक चंद्रावर जातच राह्यतीन ना?"

फेऱ्या थांबल्या होत्या आणि दादाही आता येणार नाही, हे मला कळून चुकलं होतं. पण तिच्या तोंडाकडे पाहून ते सांगायची माझी छाती झाली नाही.

"हाव," मी म्हटलं. "जातीन की."

वाजंत्री सुरू झाली. आमच्याकडे पोळ्यात बायका जात नाहीत. मी गेले, आणि तोरणापर्यंत बैलाच्या त्या कोऱ्या बाजूला अगदी खेटून चालले. गावाला ती बाजू दिसायला नको होती.