मालकिणीची नक्कल

चौथीत गेले तरी मला वाचता येत नव्हतं. धडा पाठ म्हणायची, पण नवं पान समोर आलं की एकेक अक्षर चाचपत बसायची. आम्ही कुरवंड्याहून लोणावळ्याला येऊन राहिलो होतो. आई रेल्वेतल्या एका बड्या कारकुनाच्या घरी भांडी घासायची. त्या घरची मुलगी माझ्याच वर्गात होती, आणि ती घडाघडा वाचायची.

त्या पावसाळ्यात माझा धाकटा भाऊ तापानं गेला. आई काही दिवस कामावर गेली नाही. गेली तेव्हा मी सोबत होते. मालकीण दारातच उभी.

"तुमच्यात पोरं जायचीच," ती म्हणाली. "म्हणून आमची भांडी तशीच पडू द्यायची का?"

 आई राख ओढून भांड्यांशी बसली. मालकिणीच्या मागं तिची मुलगी उभी होती. तिनंही ऐकलं. मला ते विसरायचंच नव्हतं.

दिवाळीनंतर शाळेत नव्या बाई आल्या. त्यांनी वाचनाचं पुस्तक मिटून ठेवलं आणि म्हणाल्या, "आपण नाटक लिहू. कुणी रागानं बोललेलं तुमच्या कानात राहिलं असेल, ते सांगा. जसंच्या तसं." मुली सांगत गेल्या, बाई फळ्यावर लिहीत गेल्या. माझी पाळी आली तेव्हा मी उभी राहून ते वाक्य सांगितलं. बाईंचा खडू थांबला.

"कुणाला म्हटलं हे?"

"आमच्या आईला."

कोण म्हणालं, ते त्यांनी विचारलं नाही. शब्द न् शब्द लिहून घेतला. मालकिणीची मुलगी कोरडी पाटी पुसत राहिली.

त्या वाक्यांतून बाईंनी बंगल्याच्या मालकिणीचं एक छोटं नाटक रचलं. प्रत्येक भूमिकेचे संवाद वेगळ्या कागदावर लिहून काढले. नाटकवाले त्या कागदाला नक्कल म्हणतात. पाठ करायचं नाही, कागदात बघून वाचायचं, आणि न अडखळता वाचेल तिलाच मालकीण मिळेल, असं त्यांनी बजावलं.

ती मालकीण मला हवीच होती. शाळा सुटली की मी पायरीवर बसून जोडाक्षरांशी झगडायची. बोलणं कानावरचं असल्यानं पुढं कुठला शब्द येणार याचा अंदाज यायचा आणि मग अक्षरं जुळायची. राग नसता तर मी कधी वाचायला शिकले असते की नाही, कोण जाणे.

निवडीच्या दिवशी आधी कारकुनाच्या मुलीनं वाचलं. सुरेख वाचत होती. त्या वाक्यापाशी आली, माझ्याकडे बघितलं आणि कागद खाली ठेवला. मग मी वाचलं. कुठंही थांबले नाही.

शाळेच्या संमेलनाच्या मांडवात खरी मालकीण पुढच्या खुर्चीवर बसली होती. मी तिच्यासारखीच मान तिरकी करून, तिच्यासारखी नाकात बोलत सुरुवात केली. लोक हसले. सगळ्यांत मोठ्यानं तीच हसली. मग ते वाक्य आलं. मी सावकाश, एकेक शब्द सुटा करून वाचलं, "तुमच्यात पोरं जायचीच."

 मालकिणीचं हसू तोंडावर तसंच राहिलं आणि मग उतरत गेलं. मला इतका आनंद झाला की भांड्यांची ओळ मी तिच्याकडे बघत बघत, चवीनं म्हटली.

नाटक संपल्यावर ती तरातरा बाईंकडे आली. "हे कुणी शिकवलं हिला?"

"नाटक आहे हो," बाई म्हणाल्या. "तुम्हाला कुठं ऐकल्यासारखं वाटलं का?"

 ती मुलीचा दंड धरून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी आईचं काम सुटलं. आता मार बसणार, असं धरून मी कोपऱ्यात उभी होते. आईनं पाय धुतले, भिंतीला टेकून बसली.

"त्यो कागद हाय का तुज्याकडं? वाच."

मी वाचला. ती डोळे मिटून ऐकत होती.

"परत वाच."

पुढं तिला दुसरं घर मिळालं. कारकुनाच्या मुलीशी मी त्यानंतर बोलले नाही. तिनं घरी आधीच का सांगितलं नव्हतं, तेही विचारलं नाही. आई मात्र कितीतरी दिवस भाकरी थापता थापता मधेच थांबून विचारायची, "मंग तोंड कसं झालं गं तिचं?" आणि दर वेळी मी थोडं वाढवून सांगायची.