शेवटचे चार अंक

दाजींच्या मेहुण्याने हॉस्पिटलच्या सर्व्हरवरून नवी डिस्क वापरात घेण्याआधी पुसायला घेतली आणि पुसली भलतीच. नऊ वर्षांचे एक्स-रे गेले, दुसरी प्रत नव्हती. सर्व्हर बंद करून चालू केल्यावर डिस्कची नावं आपापसांत बदलली होती आणि हा पठ्ठ्या कालच्याच नावावर विसंबला.

नोकरी त्याच विभागात असलेल्या दाजींनीच लावून दिलेली. ते कायम बजावत, "नावाचं काय घेऊन बसलास? तुझी ताई मला रोज नवी नावं ठेवते, माणूस तोच ना? नंबर बघ!" डिस्कचा लांबलचक नंबर कधी बदलत नाही. पुसण्याआधी एकाने त्याचे शेवटचे चार अंक वाचायचे, दुसऱ्याने डिस्कच्या यादीत बघून परत म्हणायचे. जो हे टाळेल, त्याने चहा पाजायचा.

चौकशीत साहेबांनी विचारलं, "कोणी पुसली?"

मेहुणा शेजारीच उभा होता. दाजी म्हणाले, "मी."

निवृत्तीला सातच महिने उरले होते. त्याच दिवशी त्यांना घरी पाठवलं. डबा पिशवीत टाकून ते दारात थांबले.

"ताईला बोलू नकोस. आणि चहा लागू आहे हं तुला."

मेहुणा तेव्हापासून बहिणीच्या घराकडे फिरकलेला नाही. चहा द्यायचा राहिलाच आहे.