मावशींची तीन चर्चेस

"कुठलं चर्च? तीन आहेत," म्हणत त्या तीन बोटं माझ्या नाकासमोर धरायच्या. मी नुसतं 'तुमच्या गावचं चर्च' म्हटलं की झालं! स्वतःच्या गावाबद्दल इतकं काटेकोर माणूस तुम्हीही एखादं पाहिलं असेल. अमेरिकेतल्या आमच्या ईडन प्रेरी गावात त्या एकट्याच होत्या.

२००३ साली नवऱ्याच्या नोकरीमुळे मी नागपूरहून तिथे गेले. माझ्या व्हिसावर मला काम करायची परवानगी नव्हती. त्या शेजारी राहायच्या. वय पंचाहत्तर. वेल्समधल्या एका समुद्रकाठच्या गावातून लग्नानंतर अमेरिकेत आलेल्या, आता विधवा. नजर अधू झाली होती आणि त्या गावातल्या अँग्लिकन पंथाच्या चर्चेसचा इतिहास लिहायचा राहिला होता.

"तुला वाचता येतं ना? मग उद्या दहाला ये."

मी त्यांना मावशी म्हणू लागले. अर्थ विचारला, तेव्हा आईची बहीण, असं सांगितलं. "मग चालेल," म्हणाल्या.

त्यांच्या गावचे एक निवृत्त मास्तर जुन्या नोंदवह्यांच्या झेरॉक्स पोस्टानं पाठवायचे. मी वाचायचे, मग मावशी सांगतील ते टाइप करायचे. टेकडीवरचं चर्च सगळ्यांत जुनं. वारा सुटला की दार वाळूनं बुजायचं. आधी फावडं, मग प्रार्थना. दुसरं आगगाडी आल्यावर समुद्रस्नानाला येणाऱ्या इंग्रज पाहुण्यांसाठी बांधलेलं. तिसरं बंदरावरचं, पत्र्याचं, खलाशांचं.

"पाहुण्यांना गाद्या, आम्हाला वाळू!" असं म्हणून त्या खो खो हसायच्या. टेकडीवरच्या चर्चची झाडलोट, किल्ल्या आणि घंटा त्यांच्या वडिलांकडे होती. वडिलांचा विषय निघाला की मात्र "पुढे वाच" एवढंच.

कारण मला तिसऱ्या वर्षी कळलं. त्या काळी चर्चवाले आणि त्यांच्यातून फुटून निघालेले चॅपलवाले यांच्यात बेटीव्यवहार नसे. मावशींनी चॅपलवाल्यांच्या मुलाशी लग्न केलं. वडील आले नाहीत.

"आम्ही चॅपलमधून बाहेर पडलो, तर टेकडीवरची घंटा वाजत होती. भराभर, लग्नाची वाजवतात तशी. म्हटलं, वर दुसऱ्या कुणाचं तरी लग्न असणार. त्या पोरीसाठी माझ्या बापानं घंटा ओढली, माझ्यासाठी नाही."

महिन्याभरात त्या अमेरिकेला आल्या. वडिलांना कधी पत्र लिहिलं नाही. काही वर्षांनी ते गेले.

२००६च्या शरद ऋतूत नवं पाकीट आलं. त्यात टेकडीवरच्या चर्चच्या, त्यांच्या लग्नाच्या वर्षाच्या नोंदी होत्या. मी वाचत गेले आणि अडखळले.

"मावशी, तुमच्या लग्नाच्या शनिवारी वर कुणाचंच लग्न नाही."

"परत वाच."

आदल्या आठवड्यापासून पुढच्या आठवड्यापर्यंत परत वाचलं.

"दफन?"

"नाही. बाप्तिस्मासुद्धा नाही."

त्यांनी खिडकीकडे तोंड वळवलं. समोरचं अंगण त्यांना दिसत नव्हतं, हे मला माहीत होतं.

"एकटाच चढून गेला असेल वर," त्या म्हणाल्या. "आणि मी त्याला एक पत्र टाकलं नाही गं."

मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो बराच वेळ सोडवून घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी दहाला गेले, तर त्या तयार होत्या. "लिही. त्या शनिवारी चर्चमध्ये कोणताही विधी झाल्याची नोंद नाही. घंटा मात्र वाजली."

"का वाजली, ते घालू?"

"नको. त्याची नोंद नाही."

त्यानंतर काम मंदावलं. वाचता वाचता मी वर पाहायचे, तर त्यांचं लक्ष नसायचं. बंदरावरच्या चर्चचं प्रकरण अर्धंच राहिलं. २००८च्या जानेवारीत त्या गेल्या. जमीन गोठलेली, त्यामुळे दफन एप्रिलपर्यंत थांबलं.

तेव्हा त्यांचा मुलगा टेक्सासहून आला. पन्नाशीचा, अबोल. मी टाइप केलेली सगळी पानं त्याच्या हातात दिली. त्यानं तिथेच, गाडीला टेकून, भराभर चाळली. मग शेवटापासून उलटी चाळली.

"आईनं यात माझ्याबद्दल काही लिहिलंय?"

"हा चर्चेसचा इतिहास आहे," मी म्हणाले.

त्यानं मान हलवली, पानं नीट जुळवली आणि पहिल्यापासून सावकाश वाचायला लागला.