नवमीच्या ताटातले आठ वॉल

माझी गाडी लाल आहे, दोन दारांची, दोनच माणसांची, आणि जमिनीला पोट टेकवून चालणारी. वरचं कापडी छत मागं घडी करून ठेवता येतं. भद्रावतीत अशी दुसरी नाही, चंद्रपुरात नाही, आणि इथून गडचिरोलीपर्यंत कोणी दाखवली तर मी मिशी काढून टाकीन. तीन लाख किलोमीटरच्या वर ती मी चालवली. त्यातलं एक किलोमीटरही दुसऱ्या मिस्त्रीच्या भरवशावर नाही. हे आधीच सांगतो, म्हणजे पुढं वाचताना कोणी म्हणू नये की म्हातारा फुशारकी मारतो. मारतोच.

मी चौथी नापास. जन्म गेला तो कोळसा खाणीच्या वर्कशॉपात, डंपरचा फिटर म्हणून. ज्या डंपरचं चाक माझ्या डोक्याच्या वर जायचं, त्याच्या पोटात शिरून मी काम केलं. कॉलनीतले एक साहेब बदलून चालले, तेव्हा ही गाडी त्यांच्या कडुलिंबाखाली बंद उभी होती. बनवणारी कंपनी तोवर आटोपली होती, पार्ट मिळत नव्हते, आणि ड्रायव्हरच्या सीटवर कोंबडी अंड्यावर बसली होती. साहेब म्हणाले, "चालू करून दाखव आणि घेऊन जा." मी तिसऱ्या दिवशी चालू केली. कोंबडी साहेबांकडेच ठेवली.

घरी आणली तेव्हा बायको अंगणात कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"दोन सीटची गाडी आनली. बाकीचे का टपावर बसतीन? अन् इले तं टपही नाई."

"तू बस नं शेजारी. बाकीच्यायले एस्टी आहे," मी म्हणालो.

ती बसली. तेव्हापासून ती सीट तिची. मुलगा मोठा झाला, लग्न झालं, सून आली, पण त्या सीटवर दुसरं कोणी बसलेलं मला आठवत नाही.

ही गाडी मी खाणीवर नेली, मूलच्या जंगलातून बहिणीच्या गावाला नेली, जिवतीचा घाट चढवली. छत उघडं टाकून जंगलातून निघालो की चहाच्या टपरीवरची माणसं ओरडायची, "भाऊ, वाघाले ताट वाढून नेऊन राह्यले का?" गाडी खाली टेकायची म्हणून स्प्रिंगांखाली मी कोळसा वाहणाऱ्या जुन्या पट्ट्याचं रबर कापून घातलं. ते अजून तसंच आहे. कोळशाची धूळ इंजिनात जाऊ नये म्हणून हवेच्या फिल्टरवर बायकोच्या जुन्या लुगड्याचं कापड तेलात भिजवून गुंडाळायचो. दर पंधरा दिवसांनी ते धुवायचं. एकदा एक रोही, म्हणजे नीलगाय, झाडीतून उडी मारून पुढ्यात आली आणि गाडीचं नाक फुटलं. बॉडी पत्र्याची नाही, फायबरची. ती ठोकून सरळ होत नाही. मग चंद्रपुरात पाण्याच्या टाक्या जोडणारा एक मुसलमान कारागीर गाठला. त्यानं बोटानं टकटक वाजवून पाहिलं आणि म्हणाला, "भाऊ, ये गाडी नई है, टाकी है. टाकी मैं बनाता." त्यानं नाक असं बसवलं की जोड मलाही शोधून सापडत नाही. तेव्हापासून तो माझा दोस्त. इंजिन माझं, अंग त्याचं, असं आमचं ठरलेलं.

आता मुद्द्याचं. जुन्या गाडीला दर पाच वर्षांनी पासिंग करावं लागतं. साहेब तपासतात, पास झाली तर पुढची पाच वर्षं रस्त्यावर, नाही तर भंगारात. एकदा ती पास झाली होती. यंदा पुन्हा वेळ आली, तारीख मिळाली दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवसाची. आणि नेमकी गाडी सकाळी चालू करताना निळा धूर सोडायला लागली. दहा मिनिटांत जायचा, पण असायचा. निळा धूर म्हणजे तेल जळतं. साहेबानं पाहिला की खेळ खलास.

मुलगा नोकरीला नागपुरात, सून आमच्याजवळ. तो फोनवर म्हणाला, "बाबा, बस झालं आता. देऊन टाका भंगारात. किती दिवस चालवान?"

मी म्हणालो, "तू किती दिवसाचा आहेस? तिच्याहून दहा वर्षांनं मोठा. तुले देऊ का?"

फोन ठेवला आणि इंजिनाचं हेड उतरवलं. हेड म्हणजे इंजिनाचं वरचं डोकं, त्यात हवा आणि धूर आतबाहेर सोडणारे आठ वॉल, म्हणजे व्हॉल्व्ह, असतात. चार मोठे, चार लहान. प्रत्येक वॉल आपापल्या भोकाच्या काठावर घट्ट बसला पाहिजे. बसावा म्हणून तो पेस्ट लावून त्याच भोकात घासायचा. घासला की तो त्या जागेचा झाला, दुसऱ्या जागी चालत नाही. मी दोन दिवस बसून आठही घासले. या हेडच्या जागा आता घासून घासून खोल गेल्या होत्या. आणखी एकदा घासल्या असत्या तर हेडच बाद. आणि हे हेड आता अख्ख्या देशात कुठं मिळेल ते मला माहीत नाही.

मला लिहिण्याची सवय नाही. चिठ्ठ्या, नंबर हे माझ्याकडून होत नाही. मी काम करतो खाटेवर. सुतळीनं विणलेली खाट, तिच्या विणीत चौकोनी भोकं. इंजिन उघडलं की पहिला नट उशाकडच्या पहिल्या भोकात, दुसरा दुसऱ्यात, असं पायथ्यापर्यंत. खाट पाहिली की इंजिन दिसतं. चाळीस वर्षांत एक वायसर इकडचा तिकडं झाला नाही. आठ वॉल उशाकडे ओळीनं उभे केले, बाकी सामान खाली.

तेवढ्यात खांडेनवमी आली. त्या दिवशी हत्यारांची पूजा. पाना, स्क्रू, हातोडी धुवायची, हळदकुंकू लावायचं, आणि दिवसभर त्यांना हात लावायचा नाही. खाणीत असतानाही मी हा नेम मोडला नाही, साहेब मागं लागले तरी. सकाळी मी सुनेला सांगितलं, "बाई, खाटेवरचं सारं पूजेले घे." माझ्या डोक्यात खाटेखालची पान्यांची पेटी होती. तोंडातून खाटेवरचं निघालं. आणि मी एस्टीनं चंद्रपूरला निघून गेलो, कारण दोस्तानं पुढच्या दिव्याची फुटलेली चौकट करून ठेवली होती.

त्याच्याकडे गेलो तर तो फायबर घासतच होता. म्हणाला, "तेरे औजारों की छुट्टी है, मेरे हाथ की थोडी है." चौकट घेतली, चहा घेतला, दुपारी घरी आलो.

देवापुढं पाट मांडला होता. पाटावर पितळी ताट, ताटात माझे आठ वॉल फुलासारखे गोल मांडलेले, मधोमध स्प्रिंगा, बाजूनं नट, प्रत्येकावर हळदकुंकवाची बोटं, वर झेंडू. सगळं लखलखीत. रॉकेलनं धुतलं, साबणानं धुतलं, खोबऱ्याचं तेल लावलं, एवढं केलं होतं तिनं. खाट रिकामी, अंगणात उन्हाला उभी करून ठेवली होती.

मी हातातली चौकट खाली ठेवली आणि ताटापुढं वाकलो. सून समोर उभी. तिला वाटलं मी खूश झालो.

"मामाजी, चांगलं दिसते नं?"

"हे कोनं सांगतलं तुले?"

"तुमीच तं सांगतलं, खाटेवरचं सारं."

मी तसाच खाली बसलो. बायको आतून आली, माझं तोंड पाहिलं आणि समजली. सुनेला म्हणाली, "अवं, त्या खाटेवर ह्यांची सारी पोथी होती." मग सूनही समजली. तिचे डोळे भरले. मला तिच्यावर रागावता येईना, कारण शब्द माझा होता, आणि नवमीच्या दिवशी ताटाला हातही लावता येईना.

मोठे चार आणि लहान चार वेगळे करणं सोपं. पण चार मोठ्यांपैकी कोणता कोणत्या भोकाचा, हे धुतल्यावर कळायला मार्ग नाही. काळपट डाग होते ते ओळखीचे होते, तेही तिनं काढले. एक जरी चुकला तरी गाडी धड चालणार नाही.

वर्कशॉपात आम्ही एक निळं लावायचो. वॉलच्या काठाला पातळ लेप द्यायचा, भोकात ठेवून दाबायचा, थोडा फिरवायचा, उचलायचा. जागेवर निळं कडं पूर्ण गोल उमटलं तर वॉल त्या जागेचा. कडं तुटलं तर नाही. घरातली निळ्याची ट्यूब वाळून दगड झाली होती आणि दसऱ्याला दुकानं बंद. ती उघडायची वाट पाहिली तर इंजिन जोडायला वेळ उरत नव्हता.

दसऱ्याच्या सकाळी पूजा उतरवली. मी ताटाकडे पाहत बसलो होतो. ताटाच्या काठाला कुंकू सांडलेलं होतं.

"बाई, घरात कुंकू किती आहे?"

"डबा भरून आहे. काऊन?"

"मऊ कापडातून गाळून आन. एक खडा राह्यला नाई पाहिजे."

सुनेनं दोनदा गाळलं. इंजिनाच्या तेलात कालवलं, लेप झाला. पहिला मोठा वॉल पहिल्या भोकात दाबला, फिरवला, उचलला. तांबडं कडं उमटलं.

"बसला," मी म्हणालो.

सून माझ्या खांद्यावरून वाकली होती. "नाई मामाजी. इथी तुटून राह्यलं."

"कुठी?"

"हे पाहा. नखाएवढं."

"तुले का समजते त्यातलं?"

"वॉलमंधलं नाई समजत. पन भाकरीचा काठ फाटला तं तो मले दिसते का नाई?"

माझ्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आहे, दुसऱ्याचं मी टाळतो आहे. हे घरात कोणी बोलत नाही, कारण बोललं तर मी जेवत नाही. मी भिंग आणलं, उजेडात गेलो. नखाएवढं तुटलेलं होतं. ती म्हणत होती तिथंच.

चाळीस वर्षांत माझ्या इंजिनाकडे वाकून कोणी बोट दाखवलं नव्हतं. वर्कशॉपातल्या दोघांनी दाखवलं होतं, त्यांच्याशी मी पुन्हा बोललो नाही. मी भिंग खाली ठेवलं. मग हेड तिच्याकडे सरकवलं.

"मी दाबतो. तू पाह. तुटलं तं तुटलं म्हन, माह्या तोंडाकडं पाहू नको."

दुपारपर्यंत आम्ही दोघं तेच करत होतो. दाबायचं, फिरवायचं, उचलायचं, पुसायचं. ती म्हणायची, "नाई. नाई. नाई. हो." बायको येऊन म्हणाली, "लोकं सोनं द्याले येऊन राह्यले अन् तुमी घरातलं कुंकू संपवून राह्यले." आपट्याची पानं घेऊन आलेले शेजारी उंबऱ्यातून पाहून परत गेले. आठव्या वॉलला ती "हो" म्हणाली तेव्हा तिच्या गालावर, कपाळावर, कोपरापर्यंत कुंकू होतं. सगळं पेट्रोलनं धुतलं, वॉल चढवले, तेल अडवणारी नवीन रबरं घातली, हेड उलटं करून त्यात रॉकेल ओतलं. वॉल गळत असेल तर रॉकेल खाली उतरतं. तासभर ठेवलं. खाली हात फिरवला, कोरडा. मी तिलाही फिरवायला लावला, मग हेड इंजिनावर चढवलं.

पासिंगच्या सकाळी मी गाडी काढली, तर बायको दारात उभी, घरातलंच साधं लुगडं नेसून.

"बस नं," मी म्हणालो.

"ती जाईन. मी तं जन्मभर बसली." आणि आत निघून गेली.

सून पदर सावरत त्या सीटवर बसली. चंद्रपुरापर्यंत दोन्ही हातांनी दार धरून होती. छत मी मुद्दाम उघडं ठेवलं.

पासिंगचे साहेब तरुण होते. दिवे पाहिले, ब्रेक पाहिले, फायबर वाजवून पाहिलं. मी इंजिन चालू करून दाखवायला गेलो तर म्हणाले, "आत्ता नको, बाबाजी. गरम गाडी आणता तुम्ही लोक, गरम गाडीत धूर दिसत नाही. थंड होऊ द्या."

मला त्यांचा राग आला आणि बरंही वाटलं, कारण त्यांना काम कळत होतं. दुपारी तीनपर्यंत आम्ही झाडाखाली बसलो. सुनेनं पोळी आणि वांग्याची भाजी आणली होती. तिला घास जाईना. मला जात होता, पण चव कळत नव्हती, एवढं कबूल करतो.

तीन वाजता साहेब आले. बोनटवर हात ठेवून पाहिला. "करा चालू."

मी किल्ली सुनेला दिली. ती घाबरली. "एक्सिलेटरले पाय लावू नको, नुसती फिरव," मी म्हणालो आणि मागं गेलो. खांद्यावरचा धुतलेला पांढरा दुपट्टा काढला आणि सायलेन्सरच्या तोंडासमोर धरला. तिनं किल्ली फिरवली. पहिल्या फेऱ्यात इंजिन लागलं. दुपट्टा फुगला. हवेत काही नाही, निळं नाही, काळं नाही. मी दुपट्टा साहेबांपुढं उघडला. ओला एक ठिपका होता, पाण्याचा.

साहेब बराच वेळ इंजिनाचा आवाज ऐकत उभे राहिले. मग विचारलं, "कुठल्या गॅरेजात केलं?"

"घरी. वॉल मी घासले. कोणता कुठी बसवाचा ते हिनं सांगतलं."

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. ती किल्ली धरूनच बसली होती, इंजिन बंद कसं करायचं तिला माहीत नव्हतं.

"पाच वर्षं दिली," साहेब म्हणाले आणि कागदावर सही केली.

"पाचच काऊन, साहेब?"

"मामाजी," सून सीटवरून म्हणाली, "चला आता."