औषध न मारलेल्या काड्या

मार्था-सानचे निम्मे शब्द दातांतच अडकायचे, कारण दातांत कायम एखादी काडी असायची. एक टोक दातांत, दुसरं हातात, आणि सर्रकन साल निघून यायची. कॅलिफोर्नियाच्या मूळ रहिवाशांपैकी पोमो लोकांतली ही बाई. जपानी नवऱ्याबरोबर टोकियोत कोतोला राहायची आणि आजीने शिकवल्या तशा टोपल्या विणायची.

माझं तिथेच जवळ निशी-कसाईला किराणा दुकान. मेथी-कोथिंबिरीसाठी शहराबाहेर चिबात शेताचा तुकडा भाड्याने घेतला आहे, त्याच्या चराकडेला विलोची झुडपं आहेत. टोपल्यांसाठी त्यांच्या लवचीक फांद्या मागायला ती आली. मी लगेच सौदा मांडला: फांद्या फुकट न्या, पण दुकानाच्या काचेत ठेवायला एक टोपली द्या. ती म्हणाली, टोपली बघायला नसते, वापरायला असते. घरात मूल आलं तर सांगा, बाळाचं टोपलं विणून देईन. हॉटेलात भांडी घासत वर आलेला माणूस मी, नकार मला झोंबतो. तरी हो म्हटलं.

मग तिने विचारलं, इथे औषध मारलंय का? पंधरा दिवसांपूर्वीच तणनाशक मारलं होतं. पण हातातला सौदा मी मोडू देत नाही. नाही म्हणालो.

"हात चुकला तर उसवता येतं," ती म्हणाली, "तोंडात गेलेलं काढता येत नाही." आणि भारा बांधून निघून गेली.

उन्हाळ्यात मला नात झाली, तसं तिला कळवलं. सुनेला घेऊन मार्था-सानकडे गेलो, तेव्हा टोपलं तिच्या मांडीवर होतं, काठ तेवढा बाकी होता. ती सुनेला सांगत होती की बाळं काठ चघळतात, म्हणून काठाची प्रत्येक काडी आधी मी चघळते. असं म्हणून तिने एक काडी तोंडात धरली.

"मार्था-सान, ती काडी काढा. मी खोटं बोललो. औषध मारलं होतं."

सून म्हणाली, "बाबा, काय बोलताय तुम्ही?"

मार्था-सानने काडी सावकाश बाजूला ठेवली. "माहीत आहे, जाधव-सान. तुमच्या चराला गवताचं एक पातं नव्हतं. तुमचा भारा त्याच दिवशी कचऱ्यात गेला. या काड्या दुसऱ्या गावच्या एका आजींच्या बांधावरच्या."

आधी माझा जीव भांड्यात पडला. मग अर्थातच राग आला. इतके महिने बोलला का नाहीत, म्हणून मी आवाज चढवला.

"तुम्ही कधी सांगता ते बघत होते," ती म्हणाली. त्याचा राग मला अजून आहे.

गेल्या महिन्यात नवऱ्याला घेऊन ती कायमची कॅलिफोर्नियाला गेली. चराकडेला आता गुडघाभर तण माजलं आहे. नातीला खालचे दोन दात आलेत. सकाळी टोपल्यात बसून ती काठ कुरतडत असते, लाळ गळत असते. मी शेजारी चहा पीत बसतो आणि तिला कुरतडू देतो.