मुक्कामाचं गाव आणि दुसरा ब्रेक

मास्तरांनी एकतीस वर्षांत चार हजारांवर माणसांना गाडी शिकवली आणि एकालाही कुठे धडकू दिलं नाही. शिकवण्याच्या गाडीत डाव्या सीटपुढे दुसरा ब्रेक असतो. त्यावर मास्तरांचा पाय इतका तयार होता, की लोकांनी त्यांचं नावच ब्रेकमास्तर पाडलं. बसमध्ये बसले तरी पायाने नसलेला ब्रेक दाबायचे. बायको म्हणायची, "अहो, तो ड्रायव्हर तुमचा विद्यार्थी नाही."

अशा माणसाला परदेशात समुद्रकाठच्या रस्त्यावर चार दिवस गाडी चालवायची म्हणजे पर्वणीच, असं सगळ्यांनी गृहीत धरलं. लेकीने विमानाची तिकिटं काढली, तिकडची गाडी ठरवली. आईबाबांनी फक्त मुक्कामाचं गाव निवडायचं होतं. तिथे सामान टाकायचं, रोज सकाळी निघायचं, किनारा बघत फिरायचं आणि उजेड असताना परतायचं. लेकीने तीन गावं कळवली होती आणि रविवारपर्यंत उत्तर मागितलं होतं.

बायकोचं गाव पहिल्याच दिवशी ठरलं. ती हॉस्पिटलात एक्स-रे काढायची. सव्वीस वर्षं खिडकी नसलेल्या खोलीत काढलेल्या बाईला कड्यावरचं गाव आवडलं, यात नवल काय? तिथे दीपगृह होतं आणि उतरायच्या प्रत्येक खोलीतून समुद्र दिसत होता. जायला मात्र एकच रस्ता, कड्याच्या कडेकडेने वळत जाणारा. मास्तरांनी नकाशावर त्या रस्त्यावरून बोट फिरवलं आणि नकाशा घडी करून बाजूला सारला.

त्याचं कारण घरात कुणाला माहीत नव्हतं, अशी निदान मास्तरांची समजूत होती. चार महिन्यांपूर्वी डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, की डाव्या डोळ्यात काचबिंदू आहे, बाहेरच्या बाजूची नजर गेली ती गेली, उरलेली सांभाळा आणि गाडी बंद करा. मास्तरांनी थेंबांची बाटली शिकवण्याच्या गाडीतल्या प्रथमोपचाराच्या पेटीत दडवली आणि घरी ताकास तूर लागू दिली नाही. गाडी बंद करा म्हणे! मग मास्तर कशाचे?

पण तीन आठवड्यांपूर्वी शाळेजवळच्या वळणावर एक म्हातारा सायकलवरून डावीकडून पुढे आला. गाडी शिकणाऱ्या मुलीने करकचून ब्रेक दाबला. मास्तरांचा पाय जागचा हललाही नाही. म्हातारा हातभर अंतरावरून शिव्या देत निघून गेला.

"सर, तुम्हाला दिसली नाही सायकल?"

"तुझी परीक्षा घेत होतो," मास्तर म्हणाले.

पोरगी खूश झाली.  त्या दिवसापासून मास्तर मात्र जीव मुठीत धरून शिकवत होते, पण शिकवत होते. माणूस काय काय करतो!

आणि तिकडे तर सगळं उलटं. ड्रायव्हर डावीकडे बसणार आणि समोरून येणारी प्रत्येक गाडी डाव्या अंगाने जाणार, म्हणजे नेमकी त्यांना न दिसणाऱ्या बाजूने. शेजारी बायको बसलेली, उजवीकडे कडा, खाली समुद्र. दुपारी जेवताना हे चित्र समोर आलं की ते अर्ध्या ताटावरून उठायचे. ते भीत होते. साधंसुधं नाही, लहान मूल भितं तसे भीत होते.

मग त्यांनी तीन गावांतल्या मोठ्या गावाची बाजू लावून धरली. तिथे रेल्वे स्टेशन आहे. तिथे दवाखाना आहे. कड्यावर वारं फार, तुला सर्दी होईल. बंदर चालत बघता येतं, बाजार चालत, संग्रहालय चालत.

शनिवारी बायकोने मास्तरांनी केलेल्या चार दिवसांच्या फिरण्याच्या यादीवर चष्मा लावून नजर टाकली.

"अहो, चार दिवसांत गाडी एकदाही बाहेर निघत नाही यात."

"चालणं प्रकृतीला चांगलं."

"जगाला गाडी शिकवली आणि आता गाडी नको?" ती हसली नाही. "थेंब वेळेवर घालता ना? दिवसातून दोनदा घालायचे असतात ते."

मास्तर यादीची घडी घालू लागले.

"शिकवण्याची गाडी घरी आणली होतीत, तेव्हा तिच्यातल्या पेटीत कापूस ठेवायला गेले आणि सापडली बाटली. आणि दाराच्या चौकटीला तुमचा डावा खांदा किती दिवस घासतोय? मी तुमच्या डाव्या हाताला का चालते, कधी विचारलंत?"

"तू बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून वाट बघितली. चुकलं माझं. कुणाचा जीव गेला असता म्हणजे?"

मग मास्तरांनी सायकलवाल्याचं सांगितलं. परीक्षेची थापही सांगितली.  बायकोचा चेहरा पांढरा पडला. 

"सोमवारी ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकांना सांगायचं," ती म्हणाली. "त्या पोरीलाही. मी येते बरोबर. आणि मुक्काम कड्यावरच. गाडी मी चालवणार."

"तू?"

परवाना तिच्याकडे लग्नाआधीपासून होता. दर वेळी मुदत संपायच्या आत ती तो नवा करून आणायची. चालवायला बसली की शेजारून मास्तर ओरडायचे, पाय आपटायचे. तिसऱ्या खेपेला तिने हात टेकले होते. घरच्यांना शिकवायचं नाही, असा नियम मग मास्तरांनीच केला.

"दोन महिने आहेत. रोज सकाळी सराव करू," ती म्हणाली. "ओरडायचं नाही."

रविवारी लेकीला कड्यावरच्या गावाचं नाव कळवलं आणि दोघं घरच्या गाडीत बसली. या गाडीत दुसरा ब्रेक नव्हता. पहिल्या चौकातच मास्तरांचा पाय रबरी चटईवर आपटला. त्यांनी हात मांड्यांखाली दाबून धरले आणि ओठ मिटून घेतले. 

शाळेजवळच्या वळणावर गाडी हळू झाली आणि थांबली. मास्तरांना रस्ता मोकळा दिसत होता.

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

"सायकल आहे तुमच्या बाजूला," ती म्हणाली. "जाऊ दे तिला."

मास्तरांनी मान पूर्ण वळवली. सायकलवरची एक शाळकरी मुलगी त्यांच्या खिडकीला जवळजवळ खेटून पुढे गेली. त्यांनी चटईवरचा पाय उचलून मागे घेतला.